बाळ निजलं

वडजाईच्या प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत जे होतं ते असं: बाप्तिस्म्याची पुस्तकं तीन, लग्नांची दोन, मरणाची दोन. मंडळीच्या सभांच्या वह्या अकरा, त्यातल्या चार उंदरांनी कडेने खाल्लेल्या. एक बाजाची पेटी, तिचे सहा सूर बसलेले. एक टेपरेकॉर्डर, झाकण नसलेला. आणि कॅसेट एकशे अठरा. त्यातल्या फीत तुटलेल्या नऊ, बुरशी लागलेल्या तेवीस. आणखी एक डबी होती, पण तिच्यात कॅसेट नव्हती, लवंगा होत्या.

नामी हिवाळेने मोजणी दोनदा केली आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हा तिने तो टॅबवर चढवला.

"ताई, लवंगा पण लिहा की यादीत," दारात उभे असलेले दानिएल भिंगारदिवे म्हणाले. ते मंडळीचे वडील, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचे पंच, वय सत्तावन्न, आणि गावातल्या ज्या बारा ख्रिस्ती घरांना अजून कुलूप लागलेलं नव्हतं त्यातल्या एका घराचे मालक. "पाळकसाहेबांच्याच हायेत त्या. घसा बसला की एक तोंडात टाकायचे, आन् मग अर्धा तास जास्त बोलायचे. आम्ही पोरं चोरायचो. उपदेश लवकर संपावा म्हणून."

"संपायचा का?"

"कुठला! दुसऱ्या खिशात आणखी असायच्या."

नामी हसली. ज्यांच्या लवंगा होत्या ते पाळकसाहेब म्हणजे तिचे पप्पा. रेव्हरंड अमोस हिवाळे यांनी वडजाईत तीस वर्षं मंडळी सांभाळली आणि आता, दोन हजार छत्तीस साली, वयाच्या पंचाहत्तरीत ते नगरला तिच्याकडे राहत होते. नामी नगरच्या ख्रिस्ती दप्तरखान्यात ध्वनिविभाग बघायची. पुढच्या वर्षी वडजाईची मंडळी शेजारच्या मंडळीत मिळवायची होती, म्हणून कागद आणि कॅसेट हलवायचं काम निघालं, आणि ते तिने मागून घेतलं होतं.

एकशे अठरा कॅसेटींवर आवाज होता एकाच माणसाचा, पण उपदेश मात्र एकशे अठरांहून कितीतरी जास्त होऊन गेले होते. मिशनने एकदाच खोकंभर कॅसेट दिल्या, पुन्हा काही दिल्या नाहीत. पप्पा रविवारी उपदेश टेप करत आणि आठवडाभर तो टेपरेकॉर्डर सायकलला लावून म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी नेऊन ऐकवत. सगळ्यांचा ऐकून झाला की त्याच कॅसेटवर पुढचा. डबीवर पेन्सिलीने वचन लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. काही डब्यांचा कागद खोडून खोडून कापसासारखा झाला होता.

"ह्याचं झाकण कुठंय?" नामीने टेपरेकॉर्डर उचलून विचारलं.

दानिएलभाऊंनी कान पकडला. "माझंच पाप ते. दहा वर्षांचा होतो. पिकाच्या उपासनेला आमच्या घरची कोंबडी आणली होती. लिलावाच्या वेळी तिचे पाय सुटले... म्हणजे मीच सोडले. ती उडाली ती थेट वेदीवर. टेपरेकॉर्डर खाली. झाकण तेव्हाचंच गेलं. पण टेप चालू राहिला, बरं का. माल चांगला व्हता तेव्हा."

"कुठल्या वर्षी?"

दानिएलभाऊंनी कान सोडला. "ते... तुमचा भाऊ गेला ना. त्याच रविवारी."

नामीने मरणाचं पुस्तक उघडलं. तिला पान शोधावं लागलं नाही. वडजाईत मेला, वारला असं कुणी म्हणत नाही. जुन्या मिशनऱ्यांच्या शिकवणीतून तिथे शब्द रुजला तो 'प्रभूत निजला', आणि रोजच्या बोलण्यात त्याचं झालं नुसतं 'निजला'. पुस्तकातल्या रकान्याचं नावही तेच, 'निजल्याची तारीख'. त्यामुळे तिथली कुठलीही आई आपल्या पोराला निजवत नाही, झोपवते. पाहुण्याने 'बाळ निजलं का?' विचारलं तर बायका तोंडावर हात ठेवतात.

योना अमोस हिवाळे. वय आठ महिने. निजला: १२ फेब्रुवारी १९८९.

"ताई, अजून एक," दानिएलभाऊ म्हणाले. "कबरस्तानात जागा संपत आलीय. राखीव जागा आता लेखी द्यायच्यात. योनाची, तुमच्या आई मनोरमाबाईंची, आन् बाईंच्या शेजारची एक मोकळी हाये. ती साहेबांची धरतो."

"विचारून सांगते."

"त्यात काय विचारायचं?" दानिएलभाऊ म्हणाले, आणि मग त्यांना ते आठवलं, जे वडजाईत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी बाजाच्या पेटीवरची धूळ हाताने पुसली. "बरं. विचारा."

*

नगरच्या घरी पप्पा गॅलरीत वाटाणे सोलत बसले होते. नामीने लवंगांची डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडून वास घेतला.

"वास गेला. कॅसेटी किती?"

"एकशे अठरा."

"निळी सापडली? कोपरा तुटलेली?"

"एक्केचाळीस नंबरला आहे. का?"

पप्पांनी एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले, टरफल मात्र हातातच ठेवलं. "त्या रविवारची आहे ती. पुढच्याच रविवारी मी तिच्यावर दुसरा उपदेश घेतला. मुद्दाम घेतला. दुसरी कोरी होती, तरी हीच लावली."

हा रविवार नामीला तोंडपाठ होता, आणि तो दोन तऱ्हांनी होता. योनाला तीन दिवस ताप होता, दोन रात्री तो झोपला नव्हता. पिकाची उपासना म्हणजे वर्षातला मोठा रविवार. लोक ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या वाहायला आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पप्पा उपदेशाला उभे राहिले. मधेच शेजारच्या कौसाबाई आईचा निरोप घेऊन वेदीपर्यंत आल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "बाळ निजलं." पप्पा म्हणाले, "देवाचे उपकार." आणि उपदेश पुढे चालू झाला. मग प्रभुभोजन. मग लिलाव. पाळकाचं घर मंदिराच्या मागेच, आणि खिडकी उघडी. योनाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला भोपळ्यावरची बोली ऐकू येत होती.

पप्पांचं म्हणणं असं, की ते जालन्याकडचे. तिकडे निजणं म्हणजे झोपणं. दोन रात्री न झोपलेलं लेकरू निजलं, तर कोण बाप देवाचे उपकार मानणार नाही?

आईचं म्हणणं दोनच वाक्यांचं होतं. "वडजाईत येऊन दोन वर्षं झाली होती त्यांना. तेवीस जणांना माती दिली होती, तेवीस वेळा त्या पुस्तकात 'निजला' लिहिलं होतं."

त्यानंतर आईने मंदिरात पाऊल टाकलं नाही. तीन वर्षांनी नामी झाली. घरात रोजचं सगळं होतं. स्वयंपाक, शाळा, नाताळच्या करंज्या, हसणंसुद्धा. फक्त रविवारी सकाळी आई मागची खिडकी लावून घेई. चार वर्षांपूर्वी, दवाखान्यात, तिने नामीला सांगितलं होतं: "मला योनाजवळ ठेव. माझ्या शेजारची जागा मोकळी राहू दे. तुझ्या पप्पांना तेव्हा कळलं नसेल तर त्यांनी खुशाल यावं. कळलं असेल तर येऊ नये. मला कळायला मार्ग नाही. त्यांना आहे."

"दानिएलभाऊ जागेचं विचारत होते," नामी म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो. तुझं ते यंत्र पुसलेलं, खालचं वाचतं ना?"

"काही कॅसेटींचं वाचतं. पण पप्पा, शब्दाबद्दल वाद कुठंय? 'बाळ निजलं' हेच म्हणाल्या कौसाबाई, तुम्ही दोघंही तेच सांगत आलात. यंत्र शब्द ऐकवेल. तुम्हाला काय वाटलं ते कसं ऐकवेल?"

"मला वाटलं, झोपलं. असं मी सत्तेचाळीस वर्षं सांगत आलोय." त्यांनी टरफल अखेर खाली टाकलं. "इतक्यांदा सांगितलं की आता तेवढंच आठवतं. तुझ्या कॅसेटीसारखं झालंय, वरचंच ऐकू येतं. खरंच तसं वाटलं होतं का, हे मला सांगता येत नाही, नामी. मी खोटं बोलत नाही आणि खरं बोलतोय याची खात्रीही नाही. माझा त्या वेळचा आवाज ऐकला तर मला कळेल. आवाज मला फसवणार नाही. आयुष्यभर तेच काम केलंय."

"आणि कळलं की?"

"मग दानिएलला जागेचं सांगू."

*

कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर गंजासारख्या लोहकणांचा लेप. आवाज येतो तसे ते कण चुंबकीय होऊन निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसतात. पुन्हा टेप करताना आधी एक पुसणारं शीर्ष सगळे कण विस्कटून टाकतं आणि मग लिहिणारं शीर्ष त्यांना नव्याने बसवतं. जुनं गेलं, नवं आलं. झाडलोट करून त्याच अंगणात नवी रांगोळी काढावी तसं.

पण झाडणाऱ्याचा हात भिंतीपर्यंत पोहोचला नाही, तर कडेला जुनी रांगोळी राहते. कोंबडीने पाडल्यावर वडजाईच्या टेपरेकॉर्डरची दोन्ही शीर्षं जागची हलली होती. किती, ते नामीने सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं: सहा शतांश मिलिमीटर, केसाच्या जाडीइतकं. त्या दिवसापासून पप्पांनी ज्या ज्या कॅसेटवर दुसरं काही घेतलं, तिच्या कडेला केसाएवढी एक पट्टी न पुसलेली राहिली. साध्या टेपला ती ऐकू येत नाही. दप्तरखान्यात दोन वर्षांपूर्वी आलेल्या यंत्राला येते. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. सगळे त्याला थरवाचक म्हणत.

थरवाचकाच्या टोकाला हिरा असतो. हिऱ्यात कार्बनचे अणू रांगेने बसलेले असतात. त्यातला एक काढून तिथे नायट्रोजनचा अणू बसवला आणि त्याच्या लगतची एक जागा मोकळी ठेवली, की ती मोकळी जागा हिरव्या प्रकाशात लाल चमकते, आणि जवळपास चुंबकत्व असेल तर ती चमक किंचित बदलते. अशा लाखो मोकळ्या जागा असलेला हिरा फितीवरून सरकवत नेला की तिथल्या कणांची तोंडं कुठे आहेत त्याचा नकाशा तयार होतो. नकाशावरून आवाज. कॅसेटच्या एका बाजूला तीन दिवस लागतात.

एक्केचाळीस नंबर लावली तेव्हा विभागप्रमुख उजागरे मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना घरची हकीकत माहीत नव्हती, आणि नामीने सांगितली नाही.

"छाटणी चालू ठेवलीस ना?" त्यांनी विचारलं.

छाटणी म्हणजे आवाजातले लांब थांबे कापून दीड सेकंदावर आणणं. एका जिल्ह्यातून चाळीस हजार तासांचे उपदेश आले होते, आणि मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना बजावलं होतं, मौन साठवायला आपल्याकडे जागा नाही.

"चालू आहे," नामी म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी फाईल तयार होती. नामीने कानाला हेडफोन लावले आणि सत्तावीस वर्षांच्या, अजून ओळख न झालेल्या आपल्या बापाचा आवाज ऐकला. पातळ होता, घाई करणारा, शब्दांच्या शेवटी जालन्याचा हेल. ज्वारीच्या कणसाबद्दल काही सांगत होते. मागे कोंबड्या, कुणाचा तरी खोकला, ट्यूबलाइटची एकसुरी घूं. मग पावलं. मग माइकच्या अगदी जवळ एका बाईचा दबका आवाज:

"बाई म्हनत्यात, बाळ निजलं."

आणि लगेच, "देवाचे उपकार."

आणि कणीस पुन्हा सुरू.

नामीने ते चार वेळा ऐकलं. अडखळणं नाही, कंप नाही. उत्तर लगेच आलेलं, एखाद्याने 'पाऊस आला' सांगावं आणि आपण 'बरं झालं' म्हणावं तसं. ती खुर्चीत मागे टेकली. तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय, आणि हेही की इतकं हलकं तिला आईच्या मरणानंतर पहिल्यांदाच वाटतंय. आईशेजारच्या त्या साडेतीन हात जमिनीकडे गेली चार वर्षं तिला नीट बघताही आलं नव्हतं.

घरी फोन लावायला तिने हात पुढे केला आणि सवयीने आधी फाईलचं टिपण बंद करायला गेली. त्यात दोन लांब्या असतात, मूळ आणि छाटलेली. पप्पा घाईने बोलणारे, त्यामुळे फरक थोडाच होता. पण उपदेशाचा वेग बघता जितका असायला हवा त्याहून जास्त होता. एवढंच होतं. दुसऱ्या कुणी ते पाहिलंही नसतं.

तिने न छाटलेली फाईल उघडली.

जुन्या टेपचा वेग कमीजास्त होतो, पण ट्यूबलाइटची घूं सेकंदाला ठरावीक वेळा होते; तिच्यावरून खरा वेळ काढता येतो. तो काढून यंत्राने उपदेशातला प्रत्येक थांबा मोजला होता, आणि माइक तोंडापासून वीतभरच असल्याने थांब्यातला प्रत्येक श्वासही. थांबे दोनशे चौसष्ट. सरासरी एक सेकंद. सर्वांत लांब साडेतीन, तिथे लवंग चावल्याचा आवाज. हा एक थांबा वगळून.

नामीने तो थांबा ऐकला. कौसाबाईचा आवाज. मग कोंबडी. ट्यूबलाइट. अनवाणी पावलं, दूर जाणारी. एक मूल काहीतरी विचारतं, कुणीतरी त्याला गप्प करतं. दाराची बिजागरी, वर चढत जाणारी एक करकर. त्यानंतर श्वास. त्यानंतर "देवाचे उपकार."

तिने हेडफोन काढून ठेवले. बराच वेळ तिने दुसऱ्याच कॅसेटीचं काम केलं. संध्याकाळी निघताना तिने पेनड्राइव्हवर एकच फाईल घेतली. छाटलेली.

*

"लगेच म्हणालात, पप्पा," ती म्हणाली. ती चहासुद्धा न पिता बसली होती. "तुम्हीच ऐका."

पप्पांनी हेडफोन लावले. डोळे मिटले. स्वतःचा तरुण आवाज ऐकून आधी त्यांना हसू आलं. "किती घाई करतोय बघ हा. कणसाचं एवढं काय?" नामी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ती जागा आली आणि गेली. त्यांचे खांदे खाली आले.

"पुन्हा लाव."

तिने लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच मागे नेऊन ऐकलं. मग हेडफोन काढले, डबीतली एक लवंग तोंडात टाकली. वास गेलेली, तरी चावली.

"नामी, ह्यात दार नाही."

"कसलं दार?"

"मंदिराचं. त्याची बिजागरी करकरायची. दानिएलच्या बापाला दहादा सांगितलं होतं तेल घाल म्हणून. कौसाबाई माझ्या कानाशी बोलली, वळली, गेली. दार वाजलं, आणि मग मी बोललो. ह्यात ती जातच नाही."

नामीने पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला.

"कापलंस?"

"यंत्र कापतं, पप्पा. सगळ्यांचंच कापतं. नियमच आहे."

"आणि न कापलेलं?"

"ते ऑफिसात आहे."

"तू ऐकलंस." त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. ते गॅलरीबाहेर बघत राहिले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. "तिनं पदर तोंडात धरला होता," ते म्हणाले. "कौसाबाईनं. निरोप सांगायला काढला आणि वळता वळता पुन्हा धरला. झोपलेल्या लेकराचा निरोप आणणारी बाई पदर कशाला धरेल तोंडात? हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आत्ता आठवलं. का आधीपासून आठवत होतं, देव जाणे."

"पप्पा, पुरे."

"माझ्यासमोर भोपळा होता. मोठा, पांढरा. मी त्याच्याकडे बघत होतो. मला वाटलं, मी आता खाली उतरलो ना, तर ते खरं होईल. बोलत राहिलो तर लेकरू झोपलेलं राहील. उपदेश चालू आहे तोवर झोपलंय. प्रभुभोजन चालू आहे तोवर झोपलंय. म्हणून मी लिलावही मीच घेतला त्या वर्षी. एरवी दानिएलचा बाप घ्यायचा." त्यांचा आवाज कुठेच हलला नाही, तो तसाच होता, फक्त हळू. "किती वेळ थांबलो होतो?"

"राहू दे ना."

"मी वेदीवरून लोकांना काय सांगायचो गं? खरं बोला म्हणूनच ना? किती?"

"एकोणीस सेकंद. पॉइंट चार."

"एवढंच? मला वाटलं, जास्त." मग जरा वेळाने, "अजून काय आहे त्यात?"

"तुम्ही श्वास घेतलेला नाही. दुसऱ्या प्रत्येक थांब्यात आहे. ह्यात नाही." नामीने त्यांचा हात धरला. "आईला हे कळायला हवं होतं, पप्पा. तिला वाटत राहिलं की तुम्ही लगेच म्हणालात. कौसाबाईंनी दारातून ऐकलं, तेवढंच जाऊन सांगितलं. हे एकोणीस सेकंद तिने ऐकले असते, तर तिनेच तुम्हाला शेजारी बोलावलं असतं."

"ऐकायला कशाला हवं होतं?" पप्पा म्हणाले. "सांगायला मी होतो की घरात. त्रेचाळीस वर्षं होतो."

त्यांनी हात सोडवून घेतला, रागाने नाही, आणि तिचा गार झालेला चहा तिच्याकडे सरकवला.

"पी. दानिएलला मीच फोन करतो. त्याला म्हणतो, आता तरी त्या दाराला तेल घाल."

*

एक्केचाळीस नंबरचा खालचा थर दप्तरखान्यात दाखल करताना नामीने छाटणी बंद केली. त्यासाठी विभागप्रमुखांची सही लागते. उजागरे मॅडमनी अर्ज वाचला. त्यात एक रकाना होता, 'मौनाचा प्रकार', आणि दोन पर्याय, 'रिकामे' आणि 'मजकूर'. नामीने दुसऱ्यावर खूण केली होती.

"इथे मजकूर काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ऐकून बघा."

मॅडमनी ऐकलं. हेडफोन काढून सही केली आणि वडजाईचं नाव, पाळकाचं आडनाव, नामीचं आडनाव यातल्या कशाबद्दलच त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नामीला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली.

पप्पा त्या वर्षी नाताळच्या आठवडाभर आधी गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. वडजाईच्या मंदिरातली ती शेवटची मोठी उपासना ठरली. पुण्या-मुंबईची माणसं आली होती, बाकं पुरली नाहीत. दार उघडलं तेव्हा कसलाही आवाज आला नाही. मरणाच्या पुस्तकात दानिएलभाऊंनी स्वतःच्या हाताने नोंद केली. रकान्यात तारीख घालण्याआधी त्यांनी नामीकडे पाहिलं. ती म्हणाली, "निजले, असंच लिहा."

फेब्रुवारीत कबरस्तानाचा नकाशा करायचं काम निघालं, कागदपत्रांबरोबर दप्तरखान्यात ठेवायला. नामी लेझरचं मोजमाप यंत्र घेऊन गेली. दानिएलभाऊ एका टोकाला पाटी धरून उभे राहिले. कबरी एकशे बहात्तर. दगड असलेल्या एकोणनव्वद. तिने पूर्वेकडून सुरुवात केली आणि प्रत्येक कबरीचं तिच्या घरच्या माणसांपासूनचं अंतर घेत गेली, कारण नकाशाच्या नमुन्यात तो रकाना होता. दुपार होता होता ती रस्त्याकडच्या शेवटच्या रांगेत पोहोचली.

योना हिवाळे ते मनोरमा हिवाळे: शून्य पूर्णांक सहा मीटर.

मनोरमा हिवाळे ते अमोस हिवाळे: एकतीस पूर्णांक चार मीटर.